वहिनीने ‘हो’ म्हटलं आणि आवाज गेला

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा तिथेच मीटर तपासनीस होता, त्यामुळे त्याच्या दोस्तांची ती वहिनी झाली आणि मग साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचीच. काम तिचं कॉम्प्युटर सांभाळायचं. जुन्या मशीनांना नव्या महागड्या सिस्टिमचा भार झेपेना, म्हणून कचेरीने ती सगळी लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवर नेली आणि वहिनीच्या गळ्यात घातली. लिनक्स फुकट असतं, सांभाळणाऱ्याचं आयुष्य तेवढं फुकट जातं, असं ती म्हणायची.

तिचं दुखणं एकच होतं. लिनक्सवर कुठलाही प्रोग्रॅम पॅकेज म्हणून येतो, आणि तो चालायला आणखी चार पॅकेजं लागतात. ही जुळवाजुळव करणारा पॅकेज मॅनेजर एकाचं भलं करताना दुसऱ्याचा आधार कधी काढून घेईल, सांगता येत नाही. एक सांधावं तर तेरा तुटतात. प्रिंटर सुरू झाला की स्कॅनर रुसायचा, आणि लोक तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, जणू तिनेच मुद्दाम काहीतरी केलंय.

घरीही सुटका नव्हती. मोठी नणंद त्यांच्याकडेच राहायची, तिला सगळे ताई म्हणत. लहानपणीच तिची दृष्टी गेली होती. बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करून द्यायची, आणि तिच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज होता. खरखरीत, भराभर बोलणारा. घरात इतर कुणाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण ताईंचे कान त्याच्याबरोबर धावायचे.

परगावी राहणाऱ्या भाच्याशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून ताईंना एक नवा प्रोग्रॅम हवा होता. रविवारी सकाळी वहिनी तो टाकायला बसली. पडद्यावर नावं सरकत गेली, कोणती पॅकेजं येणार, कोणती जाणार. शेवटी नेहमीचा प्रश्न आला, पुढे जाऊ का? आठवडाभर हेच करून ती कंटाळली होती. तिने न वाचता ‘हो’ म्हटलं. काढून टाकलेल्या पॅकेजांत ताईंचा आवाज होता.

मग शोधाशोध सुरू झाली. पॅकेजं जिथून उतरतात त्या भांडारात जुनं पॅकेज उरलंच नव्हतं, तिथे फक्त ताजा माल. ज्यांनी आवाज बनवला त्यांच्या साइटवर एक मिळालं, पण नव्या प्रोग्रॅमने हटवलेल्या जुन्या आधाराशिवाय ते चालेना. तिसऱ्या वाटेने सगळं सामान बरोबर घेऊन येणारं एक बंदिस्त पॅकेज मिळालं. ते बसलं, पण चार भिंतींच्या आतच बोलत राहिलं. बाहेरचा पडदा त्याला वाचता येईना. शेवटी तिने दुसराच एक नवा, मंजुळ आवाज बसवून दिला.

ताईंनी तो बराच वेळ ऐकला. मग म्हणाल्या, “गोड आहे गं. पण याच्याबरोबर मला काम नाही करता येत. मी पुढे जाते आणि हा मागे राहतो.”

तोवर नवऱ्याने ताईंनी टाइप केलेलं वाचून दाखवायचं मनावर घेतलं. तो स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने वाचायचा आणि मधूनमधून त्या बैठकीबद्दलचं स्वतःचं मतही द्यायचा. ताईंनी एक पान कसंबसं पुरं केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर वहिनीला बरं वाटलं असतं.

सोमवारी कचेरीच्या अडगळीच्या खोलीतलं एक मशीन तिने चालू केलं. ते कधीच अपडेट झालेलं नव्हतं. पूर्वी उतरवून घेतलेली पॅकेजं त्यात तशीच पडून होती. आवाजही, त्याचा जुना आधारही. पेन ड्राइव्हवर घालून ती घरी घेऊन आली. मात्र जुना आधार ठेवायचा तर व्हिडिओचा प्रोग्रॅम काढावा लागणार होता. तिने ताईंना विचारलं.

“भाच्याशी फोनवर बोलेन,” ताई म्हणाल्या. “तसंही त्याचं तोंड मला कुठे दिसणार होतं? हौस त्याचीच होती.”

आवाज परत आला. आवाजाच्या पॅकेजला आणि त्याच्या आधाराला हात लावायचा नाही, अशी मनाई वहिनीने पॅकेज मॅनेजरला घालून ठेवली. पण त्या एका मनाईपायी पुढची कितीतरी अपडेटं अडून राहिली.

मग तिने त्या पॅकेजची देखभाल करणाऱ्याला लिहिलं. काढायच्या आधी साध्या भाषेत सांगा की कुणाचं काय बंद पडणार आहे, आणि काल जसं होतं तसं परत करायची सोय द्या. एवढंच मागणं. त्याचं उत्तर आलं. तुमचं म्हणणं पटतं, पण पॅकेज मॅनेजर माझ्या हातात नाही. मी हा एक आवाज तेवढा सांभाळतो, नोकरी करून, एकटा. नव्या आधारावर तो बांधून पाहतो, कुणी तपासून देणार का?

वहिनीने कपाळावर हात मारला आणि होकार कळवला.

त्यानंतर त्याने एकेक नमुना पाठवायचा, तिने तो एका जुन्या लॅपटॉपवर बसवायचा आणि ताईंनी ऐकायचा, असं चाललं. कधी आवाज तोतरा यायचा, कधी आकडे गिळायचा. ताई चुका सांगत, वहिनी डोळे चोळत कळवत राही. बऱ्याच खेपांनंतर एक नमुना ताईंनी शेवटपर्यंत न थांबता ऐकला आणि त्यावर काम सुरू केलं. वहिनीने मनाई उठवली.

पॅकेज मॅनेजर अजून तसाच प्रश्न विचारतो. आता ती सगळी नावं वाचते, मगच उत्तर देते. त्यात वेळ जातो, आणि टेबलाशी लोक उभे असतात.