तुडुमातले ठोके

भूतखेत, अंगात येणं, लिंबू उतरवणं... या सगळ्याला मी आयुष्यभर नाक मुरडत आलोय. ओव्हरसियर माणूस, टेप लावून मोजता येईल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. तरीही हे लिहितोय, कारण लपवून ठेवायचाही आता कंटाळा आला.

मालगुजारी गेली आणि जुने तलाव सरकारकडे आले, तेव्हाची गोष्ट. माझी नेमणूक चांदा जिल्ह्यात, नागभीडच्या बाजूला. गावाचं धान आणि पिण्याचं पाणी एकाच तलावावर, आणि त्याची मातीची पाळ पिढ्यानपिढ्यांची. भादव्यात तलाव काठोकाठ भरला, आणि पाळीखालच्या तुडुमातून – म्हणजे शेतात पाणी सोडायच्या दगडी नालीतून – तलावाकडचं तोंड बंद असतानाही धार येऊ लागली. जुनी पाळ थोडी झिरपतेच. नितळ पाणी आलं तर काळजी नसते; गढूळ आलं की समजावं, पाळ आतून पोखरतेय. इथे चहासारखं येत होतं.

तलावाची राखण करणारा म्हातारा पाणकर डोमाभाऊ दुपारी जेवायला निघाला. "मी येईस्तोवर आत जाऊ नोका, बाबू," असं बजावून गेला. मी कसला ऐकतोय! बॅटरी घेतली आणि शेताकडच्या तोंडातून डोकं पुढे घालून शिरलो. रांगण्यापुरती जागा, वळायची सोय नाही. वीसेक हातांवर छताचा दगड निखळला होता आणि वरून मनगटाएवढी धार पडत होती. पाहून उलटा रांगत निघालो... तर पाय चिखलात रुतले.

काय झालं ते नंतर कळलं. उंदरानं बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, बांध फोडला की इथले धानवाले बाहेरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि माती कोंबून मोकळे होतात. गावातल्या चौघांनी गढूळ धार पाहिली आणि तुडुमालाही तोच इलाज केला. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि पाण्याच्या आवाजात माझं ओरडणं त्यांना ऐकू गेलं नाही.

लाथा मारल्या तसा चिखल आणखी घट्ट बसला. पाणी कोपरापर्यंत आलं, मग छातीला, मग हनुवटीला. लग्नाला चार महिने झाले होते. बायकोचं नाव घेऊन मी रडलो, तेही सांगून टाकतो.

आणि ठोके सुरू झाले. धप्... धप्... माझ्या डोक्यावर, पाळीच्या पोटात. धुमसानं माती ठोकतात तसे, दोघांच्या तालात, सावकाश त्या निखळलेल्या दगडाकडे सरकणारे. धार बारीक झाली. मग थांबली.

त्या शांततेत डोमाभाऊचा आवाज आला, "भरल्या पाळीवर धुमस कोन मारून राह्यला?" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्यानं फावड्यानं तोंड मोकळं केलं आणि पाय धरून मला ओढलं.

"धुमसवाले कुठे गेले?" मी विचारलं.

"तेच पाहाले आलो मी. घरापर्यंत आवाज आला. पन पाळीवर तं कोनीच नाई, बाबू."

त्या चौघांनाही बोलावलं. "आमी तणस कोंबलं अन् घरी गेलो," त्यांतला एक म्हणाला. "त्याले धुमस कायले लागते?"

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दुरुस्तीसाठी तिथेच पाळ उकरली. काळ्या मातीत, बरोबर त्या दगडाच्या वर, हातभर जाडीचा लाल मुरूम ठोकून बसवलेला. कुदळ उडत होती. तसा मुरूम मी आसपास सगळीकडे शोधला, कुठे सापडला नाही.

नियमाप्रमाणे तो फोडून आतली पोकळी बघायला हवी होती. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. मी चिडलो, स्वतः कुदळ उचलली. खाली उरल्यासुरल्या पाण्यात बायका हंडे भरत होत्या. मी कुदळ खाली ठेवली आणि म्हणालो, "बुजवा."

ते ठोके कुणाचे, मला आजही माहीत नाही. कळायची एकच संधी होती, ती मी स्वतः मातीखाली पुरून आलो.