गादीवाल्याची कंबर

इस्लामपुरात आमचं गाद्यांचं दुकान आहे. उभा जन्म जमिनीवर वाकून बसत, मोठ्या दाभणाने गाद्या शिवून अब्बांची कंबर धरली ती कायमची. लोकांना मऊ अंथरूण देणारा माणूस स्वतः खुर्चीत उशा लावून झोपायचा. नमाजही खुर्चीवरच. मलमं, पट्टे, गोळ्या, सगळं करून झालं. शेवटी डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. मी तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत कोरेगावहून माहेरी आले होते, म्हणून त्यांना रोज न्यायचं काम माझ्याकडे आलं.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्याहूनही लहान. पेसमेकर बसवलाय का, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. मग अब्बांना पालथं झोपवून कमरेवर चार चिकट पॅड लावले. वायरी बघून अब्बांनी मान वर केली.

"मॅडम, करंट देणार व्हय?"

"अगदी थोडा. मुंग्या आल्यासारखं वाटेल. दुखलं तर लगेच सांगा."

मशीन सुरू झालं. अब्बांनी तोंड उशीत खुपसलं. मी घाबरून वाकून बघितलं, तर त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते!

"लय गुदगुल्या हुत्यात गं!"

शेजारच्या पलंगावर गुडघ्याला असेच पॅड लावून एक निवृत्त सुभेदार पडले होते. वाळव्याकडचे, घरचा ऊस असलेले. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, कितीवर हाय तुमचं?"

"पंधरा."

"आमी वीसवर."

अब्बांनी लगेच हाक मारली. "मॅडम, माजं बावीस करा."

मॅडम कमरेवर हात ठेवून मध्ये उभ्या राहिल्या. "ही काय कुस्ती आहे? आकडा वाढवून गुण जास्त येत नाही. सोसेल तेवढंच ठेवायचं." दोघे म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे खाली बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांची गट्टी जमली.

दुखणं काही पळून गेलं नाही. पॅड काढल्यावर तास-दोन तास कंबर हलकी राहायची. तेवढ्यात व्यायाम करून घ्या, खरं काम त्याचं आहे, असं मॅडम सांगायच्या. माझं अब्बांनी कधी ऐकलं नसतं. पण सुभेदार फौजी आवाजात "एक, दो, एक" मोजायला लागले की अब्बा निमूट पाय उचलायचे.

सुट्टी संपायला चार दिवस होते. दुपारी मी आणि अम्मा स्वयंपाकघरात होतो. बाहेर अब्बांनी खुर्ची बाजूला सारली आणि जमिनीवर जानमाज अंथरली. उभे राहिले, वाकले, हात टेकले आणि सावकाश कपाळ जमिनीला लावलं. कित्येक वर्षांनी. उठायला त्यांना वेळ लागला. पिठाच्या हातांनीच अम्मा पुढे निघाली, मी तिला धरलं. ते आपले आपण उठले. नमाज संपवून आमच्याकडे वळून म्हणाले, "काय बघताय? चहा टाका की." अम्मा एकीकडे रडत होती आणि एकीकडे चहात साखर घालत होती. चहा इतका गोड झाला की पिववेना, तरी आम्ही तिघांनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी दारातूनच सांगितलं, "सुभेदार, काल जमिनीवर नमाज पढलो!"

"काय सांगता!" म्हणत सुभेदार पायाच्या वायरींसकट पलंगावरून उतरले आणि अब्बांना मिठी मारायला निघाले. मागून मॅडम ओरडत होत्या, "अहो, आधी मशीन तरी बंद करू द्या!"