रुसलेल्या विहिणीची अर्धी गोष्ट

समस्त भगिनीवर्गास, तसेच बायकोचं मासिक गुपचूप वाचणाऱ्या बंधुवर्गास जाहीर निवेदन करण्यात येते की, शिरूरच्या एका ब्युटी पार्लरची मालकीण, म्हणजे अस्मादिक, आज स्वतःच्या तोंडावरचा रंग उतरवणार आहे. कृपया शांतता राखावी. लहान मुलांना मांडीवर घ्यावं.

हसलात ना? हीच माझी खोड. काहीही सांगायचं तर आधी समोरच्याला हसवून घ्यायचं. पण पुढचं मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट ठाऊक नाही.

माझ्याकडे बायका भुवया करायला येतात आणि गोष्टी ऐकायला थांबतात. कुणाच्या सासूची चाल, कुणाच्या दिराचं घोरणं, सगळं मी करून दाखवते, दातात दोरा धरलेला असला तरी. समोर चार बायका डोळे पुसत हसताहेत, यासारखं सुख नाही हो. त्या सुखासाठी मी काय केलं, तेच सांगायचंय. पण थांबा, आधी पोरीचं सांगते.

तिचं नाव सानिका. वडगाव रासाईची. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता भीमेकाठी ऊस. ती बारावीला होती आणि तिनं ‘ब्युटी’ हा विषय घेतला होता. हल्ली असं असतं — अर्धा विषय वर्गात शिकायचा, अर्धा माझ्यासारखीच्या दुकानात काम करून. दुकानातल्या कामाचे मार्क मी द्यायचे आणि ते निकालात धरायचे. माझ्या हातात मार्क! दहावीत गणितानं मला दोनदा लोळवलं होतं. काय थाटात मिरवले मी.

सानिकाला त्या मार्कांची फार गरज होती. टॉवेलच्या घड्या घालता घालता तिनंच एकदा सांगितलं होतं, “आप्पा म्हणलेत, पास झाली तर पुण्याला शिकायला घालतो. नापास झाली तर अठरा पुरी झाली की स्थळं बघायची. लेखी पेपरचं काय खरं न्हाई म्याडम, पर हितले मार्क भेटले तर मी निघते.” निघते, म्हणजे पास होते. आणि गावातूनही निघते. एका शब्दात दोन्ही आलं होतं तिचं.

आणि श्रोता म्हणून? अहो, अशी पोर मिळणं अवघड. पोट धरून, भिंतीला टेकून हसायची. ती आल्यापासून माझ्या गोष्टी लांबायला लागल्या.

त्या दिवशी एक नवरी आली होती. दोन दिवसांवर लग्न. बरोबर आई, मावशी आणि दोन मैत्रिणी. नवरीला उजळ दिसायचं होतं, म्हणून ब्लीच. ते मीच कालवलं. त्यात पावडर जरा जास्त टाकली, तीही मीच. लावलंही मीच. सानिकाचं काम एवढंच — घड्याळ बघायचं आणि वेळ झाली की सांगायचं.

मग मी गोष्ट सुरू केली. माझी मावससासू एकदा लग्नाला गेली, ती चुकून भलत्याच मांडवात शिरली. नुसती शिरली नाही — विहिणीचा मान नीट झाला नाही म्हणून तिथं रुसून बसली. आणि त्या भल्या माणसांनी तिला आपलीच विहीण समजून मनवायला सुरुवात केली. साडी आणली, पाय धुतले... मी खुर्चीवर फतकल मारून रुसून दाखवत होते. मैत्रिणी लोळत होत्या.

“म्याडम, टायम झाला.”

मी हातानंच तिला थांबवलं. गोष्टीचा कळस जवळ आला होता.

“म्याडम, झाला की टायम.” आणि ती ओला स्पंज घेऊन पुढं झाली.

मी तिचं मनगट धरलं. हसत हसत धरलं आणि तसंच धरून ठेवलं. “आणि तेवढ्यात,” मी म्हटलं, “खरी विहीण दारात उभी!” — आणि थांबले. असं थांबायचं असतं. माणसं पुढं झुकतात. ती शांतता मला फार आवडते.

त्या शांततेत नवरी ओरडली.

पुसलं तेव्हा गाल लालभडक होते, हनुवटीवर फोड उठले होते. आईनं विचारलं, “कुणी केलं ह्ये?” त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ब्लीच लावल्यापासून त्या आणि मावशी बाहेर बांगड्या बघत होत्या, ओरडणं ऐकून आत धावल्या होत्या.

तुम्ही काय म्हणाला असता? नाही — नका सांगू. मी म्हटलं, “ह्या पोरीनं. कॉलेजातून शिकायला पाठवतात, काय करणार? घड्याळ बघायला सांगितलं होतं, तेवढंही जमलं नाही.”

नवरी डोळे मिटून आगीनं कळवळत होती, तिचं कुठंच लक्ष नव्हतं. मैत्रिणींनी सगळं पाहिलं होतं, त्या खाली बघत राहिल्या. सानिका माझ्याकडे बघत होती. हातात तो ओला स्पंज. पाणी फरशीवर ठिबकत होतं. मावशीनं आल्या आल्याच पोरीचं घराणं विचारून घेतलं होतं, ती बोलली, “मेंढरं भादरायची सोडून तोंडाला कशाला हात लावती गं?”

आणि मी हसले.

इथंच यायचं होतं मला. खोटं बोलले, ते घाबरून बोलले असं एखाद वेळी म्हणता येईल. पण हसले का? कुणी टोला मारला की हसायचं, ही सवय? सवयीनं माणूस एवढं करतो? पोरीनं माझं हसू पाहिलं, स्पंज बेसिनमध्ये ठेवला, हात पुसले आणि गेली.

संध्याकाळी कॉलेजच्या बाईंचा फोन आला. तेव्हाही सगळं सावरता आलं असतं. मी सांगितलं, मुलगी निष्काळजी आहे, मी तिला मार्क देऊ शकत नाही. बाईंनी दुसऱ्या पार्लरांत विचारून पाहिलं. पण नवरीची बातमी सगळीकडे पोचली होती. कुणी तिला उभं केलं नाही. दिवाळीनंतर ती कॉलेजला गेलीच नाही. नवरीचा चेहरा महिन्याभरात पहिल्यासारखा झाला.

अजून एक आहे. त्या प्रसंगाचा मी किस्सा केला. भिशीत, हळदी-कुंकवाला — ‘मेंढपाळाची लेक आणि नवरीचं तोंड’. सानिकाचा आवाज काढायचे. “झाला की टायम!” बायका पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. आणि मी सांगायचे, रंगवून. तिचा इशारा मी त्यात ठेवला होता, फक्त उशिरा, चुकीच्या वेळी. तेवढा बदल केला की माणसं हसतात.

पुढच्या वर्षी तिच्या आईचा फोन आला. लग्न ठरलंय, मुलगा खुटबावचा, कुरकुंभला कंपनीत शिफ्टवर असतो. “मेकअपला तुमीच या. सानिका दुसरं नावच घेईना.”

मी गेले. ‘नाही’ म्हणायलाही तोंड लागतं.

खोलीत आत्या, मामी, मैत्रिणी, सगळ्या दाटीवाटीनं बसलेल्या. म्हणजे पुन्हा तसंच — खुर्चीत नवरी आणि भोवती बायका. तिथं दोन वाक्यं बोलायची होती. चूक माझी होती. पोरीनं दोनदा सांगितलं होतं. एवढंच. दोन तास माझे हात चालले आणि जीभ हलली नाही. आत्या म्हणाली, “काय ओ, तुमी लई बोलता म्हणं?” मी पिना मागितल्या.

तेव्हा बोलले नाही. आज लिहिते आहे. ती खुटबावला चुलीपुढं असेल, तिच्यापर्यंत हे पोचणार नाही, हे ठाऊक असूनच लिहिते आहे. क्षमा मागत नाही. ती मागायची जागा ती खोली होती.

त्या दिवशी शेवटी डोळ्यांवर रंग लावायचा होता, म्हणून तिला पापण्या मिटायला सांगितल्या. तिनं मिटल्या. आणि तशीच, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाली —

“म्याडम, त्या रुसलेल्या विहिणीचं पुढं काय झालं? सांगा की. टायमाकडं मी बघते.”