दोन घड्याळांची शेगडी

आमच्या घरात आजवर पोस्टकार्डापेक्षा मोठं कुणी काही लिहिलेलं नाही, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. त्यामुळे मी हे चार कागद लिहायला बसलो, हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. फार मोठं काही घडलं असंही नाही. पण एका शनिवारी सव्वाचार ते पावणेसहा मी जे भोगलं, ते लिहून टाकल्याशिवाय डोक्यातून जाईल असं वाटत नाही.

मी तेव्हा इंदूरला इंटर सायन्सला होतो. वडील सांवेरच्या तहसिलीत चपराशी. मध्य प्रदेश नवाच झाला होता. तहसिलीच्या पाटीवर जुन्या राज्याचं नाव नव्या रंगाखालून अजून दिसायचं. मल्हारगंजात एका मराठी जोडप्याच्या घरी वरच्या खोलीत मी राहत असे. काका मिलच्या ऑफिसातून रिटायर झालेले. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही जड झालं होतं. काकू रोज पहाटे पाचला उठून पाणी तापवायच्या आणि साडेपाचपासून फलालीनच्या पट्ट्यांनी त्यांचं अंग शेकायच्या.

त्यांना अर्धा तास जास्त झोप मिळावी, एवढंच माझ्या मनात होतं. घरात विजेची एक शेगडी होती. गजराच्या घड्याळात गजर वाजू लागला की मागची चावी फिरते, हे मी पाहून ठेवलं होतं. त्या चावीला दोरी बांधून दुसरं टोक बटणाला अडकवलं. एक घड्याळ माझं, एक काकांचं; पाचच्या गजराने काकू जाग्या होऊ नयेत म्हणून त्या घड्याळाच्या घंटेला चिंधी गुंडाळली. पहिलं पाचला एक बटण चालू करी, दुसरं साडेपाचला दुसरं बटण बंद करी. मधला अर्धा तास शेगडी तापे. रात्री झोपताना पातेलं भरून ठेवायचं, दोऱ्या लावायच्या, दोन्ही गजरांना चावी द्यायची. नऊ दिवस ते सुरळीत चाललं. काकू म्हणायच्या, "काय रे, तुझं हे भूत उद्या पोळ्या पण लाटणार का?" मी लाजायचो, पण आतून फार बरं वाटायचं.

त्या शनिवारी मला घरी जायचं होतं. दोनची बस. म्हणून साडेबारालाच मी दोऱ्या लावून गजरांना चावी दिली, पातेलं तेवढं रात्री काकूंनी ठेवायचं ठरलं, आणि निघालो.

सांवेरला पोचल्यावर आईला मोठ्या हौसेने सगळं समजावून सांगितलं. तिला वाचता येत नाही. ती पीठ मळत ऐकत होती.

"मग आज चावी कोण देणार?"

"मीच देऊन आलो, दुपारी."

"आणि लागते कधी?"

"पाचला."

"पाच तर आता होतील की," आई म्हणाली.

घड्याळाला पहाटेचे पाच आणि संध्याकाळचे पाच सारखेच. कॉलेजात जाणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं. सव्वाचार झाले होते. दिवसा त्या शेगडीवर काकू धुतलेल्या पट्ट्या पसरून ठेवत. शेगडी काकांच्या पलंगाच्या उशाशी. आणि शनिवारी साडेचारला काकू भजनाला जात, त्या सहाला परत येत. तेवढा वेळ काका एकटे. ते उठू शकत नव्हते. ओरडले असते तरी आवाज गल्लीपर्यंत गेला नसता.

बस पाचनंतर होती. मी पोस्टाकडे पळालो. काकूंच्या घराखाली किराण्याचं दुकान होतं, तिथे फोन होता आणि नंबर माझ्या वहीत होता. पोस्टमास्तरांनी ट्रंक कॉल नोंदवून घेतला आणि म्हणाले, "लाइन बिज़ी है, इंजीनियर साब. बैठ जाओ."

"अर्जंट आहे हो, आग का मामला है."

"यहाँ सब का अर्जंट ही रहता है, भिया."

कुणीतरी सांगितलं म्हणून वडील तहसिलीतून खाकी ड्रेसमध्येच आले. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "हे असं कॉलेजात शिकवतात?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी नाही म्हणालो.

भिंतीवरच्या घड्याळात पाच झाले. मी त्याच्याकडे पाठ केली. डोळ्यांसमोर पट्टीची कड तपकिरी होताना दिसत होती, आणि काकांचा डावा हात. सव्वापाच. साडेपाच. आता जे व्हायचं ते होऊन गेलं असणार, असं मनाशी म्हणालो, तेव्हा वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला अधिकच भीती वाटली.

पावणेसहाला लाइन लागली. दुकानदार होता.

"आग लगी क्या?" मी विचारलं.

"कहाँ?"

"ऊपर, ऊपर."

"रुको, अम्मा को बुलाता हूँ."

एवढं बोलून त्याने फोन बाजूला ठेवला. तराजूचा आवाज येत होता, कुणी साखर मागत होतं. मग काकू आल्या. फोनवर बोलायची सवय नसल्यामुळे त्या फार मोठ्याने बोलत होत्या.

"अरे, तू गेलास आणि यांनी खूण केली घड्याळाकडे. म्हणतात, पाच, आजच. दहा वेळा बोलले तेव्हा मला कळलं. म्हटलं दोरी सोडून टाकते. पण तू इतकं मन लावून बांधलेलं, हात नाही धजला. म्हणून पट्ट्या काढल्या आणि समोर बसून राहिले, भजनाला गेलेच नाही. बरोब्बर पाचला लागली बघ. मग काय, त्यावर चहा ठेवला. यांनी अर्धा कप घेतला, आणि हसतायत अजून. साडेपाचला आपली आपण बंद पण झाली. आता उद्या पहाटेची चावी मी भरू का, ते सांग."