पपईवरचा आळ

बायकोचं पोटातलं दोनदा गेलं. पहिल्या वेळी आईनं पपईला दोषी धरलं. परसातलं झाड तिनं मला तोडायला लावलं आणि मी ते इतक्या कौशल्यानं तोडलं, की नेमकं माझ्याच मोटारसायकलवर पडलं. दुसऱ्या वेळी घरात पपई नव्हतीच. तरी आई म्हणाली, "म्हायेरी, कऱ्हाटीला खाल्ली आसंल हिनं."

रात्री बायको मला म्हणाली, "पपईनं गेलं का दुसऱ्या कशानं, ते मला कळलं पायजे. मग लागंल ते करू."

इंदापूरहून बारामतीच्या दवाखान्यात आमच्या खेपा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय वाढलं की बीजांडात एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी पडतं, तसला गर्भ बहुधा टिकत नाही. पिकताना बीजांड आपली निम्मी गुणसूत्रं चिमुकल्या कणात बाहेर टाकतं. बीजांडं बाहेर काढून तो कण तपासला की आत काय उरलं ते कळतं, आणि धड असेल त्याचाच गर्भ करून पोटात ठेवता येतो.

"म्हणजे चिपाड बघून रस ओळखायचा," मी म्हणालो. बायकोनं टेबलाखालून माझा पाय चेचला.

रोजच्या सुया आणि खेपांचं घरी काय सांगायचं? मी शहाण्यानं दाढेचं दुखणं सांगितलं. झालं! बीजांडं काढल्या दिवशी बायको गुंगीत घरी आली आणि आईनं जो मऊ भात चालू केला तो थांबेचना. ठेच्याशिवाय घास न गिळणारी बायको माझ्याकडं बघत भात चिवडायची.

दवाखान्याचा फोन जेवतानाच आला. बायकोनं ऐकून घेतलं, काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला. तिचा चेहरा बघून आई मोबाईलची बॅटरी लावून उठली. "लई ठणाकती का? आ कर बगू."

बायकोनं आ केला. सगळे दात ठणठणीत. आईनं उजेड माझ्या तोंडावर वळवला.

"आई, ती दाढ म्हणजे..."

"तुमी गप बसा," बायको म्हणाली. "आत्या, दाढ न्हाय. बीजांडं तपासली. सगळ्यात दोष निघाला, एकबी धड न्हाय. आदी दोनदा गेलं, तेबी ह्यानंच गेलं आसंल, म्हणत्यात डॉक्टरीणबाई. पपईचं विचारलं मी. न्हाय म्हणाल्या."

आई खाली बसली. म्हणाली, "मग आता?"

"परत करायचं. दोन महिन्यांनी."

"पुन्यांदा सगळ्या सुया?"

"व्हय. एक जरी बरं मिळालं तरी बास."

आईनं बायकोपुढचा भात उचलला आणि भाकरी-ठेचा वाढला. "खा. आंगात बळ पायजे." मग माझ्याकडं वळली. "आन तू. दाढ म्हणं! उद्या पपईचं रोप आन. व्हती तितंच लाव."

सकाळी मी खड्डा घेतला. त्याआधी गाडी पार रस्त्यावर नेऊन लावली. बायको ओट्यावरून बघत होती, म्हणाली, "आवो, रोप हाय ते. पडायला येळ हाय त्याला."