एकाला तीन

दुपारचं जेवण उरकून यशवंत सासने खिडकीखालच्या कॉटवर आडवा होतो. मॅच चारला आहे. तीनला उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि थेट मैदान गाठायचं, असं त्यानं ठरवलंय. गेले चार-पाच दिवस त्याला नीट झोप नाही. डोळे मिटतात, पण कान मिटत नाहीत. खिडकीच्या खालीच वाघजाई तालमीचा कट्टा आहे आणि कट्ट्यावर आज सकाळपासून एकच विषय चाललाय.

"एकाला तीन? बुरूजवाल्यांचं डोकं फिरलंय," शिवा गवळी म्हणतो.

"त्यांचं न्हाई, आपलं फिरलंय," हा दिलावर. "प्रताप गेला म्हणजे घराचं दार गेलं. आता तीन खिडक्या घेऊन काय करायचं?"

"खिडक्या काय म्हणतोस? दोन फॉरवर्ड आन् एक गोली. गेल्या साली आपल्यावर पाच गोल मारलेत त्या दोघांनी."

"मग असली पोरं त्यांनी सोडली कशी?"

"प्रतापसाठी सोडली."

"ते कळलं. आपण प्रतापला कशासाठी सोडला, ते सांग की."

शिवा म्हणतो, "यशवंतरावांनी सही केलीय. त्यांनी कायतरी बघितलं असणार."

यशवंत कूस बदलतो. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचा फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे, आणि वाघजाई आणि बुरूज या दोन तालमींमध्ये तर सोयरीकसुद्धा कुणी सहजासहजी जमवत नाही. यंदा स्पर्धेच्या कमिटीनं हंगामाच्या मध्यावर खेळाडूंच्या अदलाबदलीला पहिल्यांदाच परवानगी दिली, आणि वाघजाईचा सेक्रेटरी म्हणून पहिली सही यशवंतनं केली. प्रताप अतिग्रे, चोवीस वर्षांचा, बचावाच्या मधोमध खेळणारा स्टॉपर, अख्ख्या पेठेचा लाडका, बुरूजला गेला. आज तो पहिल्यांदा वाघजाईच्या विरुद्ध उतरणार आहे.

शिवाचं खरं आहे. यशवंतनं बघितलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटेच्या सरावाला प्रताप गोलच्या जाळीमागं बसलेला त्याला दिसला. ओठ निळे, हात छातीवर. "काका, कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा झालंय." यशवंतच त्याला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झालाय, खेळणं आजपासून बंद. बाहेर आल्यावर प्रताप म्हणाला, "मग मी करू काय?" आठ दिवसांत यशवंतकडं बुरूजचे कोच खराडे सर यांचा निरोप आला, प्रतापसाठी मागाल ते देतो. त्यानं तीन पोरं मागितली. बुरूजवाले स्वतः तपासून घेतील, तो त्यांचा प्रश्न, असं त्यानं स्वतःला बजावलं. त्यांनी तपासलं नाही. वाघजाईचा प्रताप, त्याला काय तपासायचं? आणि खेळायला मिळतंय म्हणून प्रतापही काही बोलला नाही.

कट्ट्यावरचे आवाज आता लांबून येतात. शिवा म्हणतो तीन. दिलावर म्हणतो एक. तीन, एक, तीन, एक.

यशवंत कट्ट्यावर बसलाय. कधी खाली उतरला ते त्याला आठवत नाही. शिवा आणि दिलावर दोन्ही बाजूंना बसून बोलतायत, आणि त्या दोघांच्या मध्ये हंबीर बसलाय.

हंबीर अतिग्रे, प्रतापचा बाप, यशवंतचा शाळेत बिगरीपासूनचा दोस्त. तीन वर्षांपूर्वी मॅच चालू असताना स्टेडियमच्या पायरीवर गेला तो. उत्तरार्धात त्यानं यशवंतच्या खांद्यावर डोकं टेकलं, "पोराकडं बघ, यशा," म्हणाला, आणि मग बोललाच नाही. प्रताप तेव्हा बॉल घेऊन पुढं पळत होता. दोन गोलांनी मागं आहोत म्हणून हा रुसलाय, असं यशवंतला वाटलं. मॅच संपेपर्यंत ते डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

आता हंबीर वाघजाईचा भगवा-पांढरा पट्ट्यांचा शर्ट घालून बसलाय आणि मन लावून वाद ऐकतोय.

"हंबीर, तू कवा आलास?"

"मी हितंच असतोय," हंबीर म्हणतो. आवाज त्याचाच, फक्त जरा ओला. "कितीला दिलास?"

"तीन पोरं घेतली."

"झकास," हंबीर म्हणतो. पण त्याच्या चेहऱ्यावर झकास असं काही नाही.

शिवा हंबीरच्या आरपार हात घालून दिलावरकडून तंबाखू घेतो. दिलावर म्हणतो, "पोरात कायतरी खोट असणार, त्याबिगर कोण सोडतंय." शिवा म्हणतो, "खोट असती तर यशवंतरावांनी बुरूजला सांगितलं नसतं व्हय? माणूस तसला न्हाई." हे तो यशवंतच्या तोंडाकडं बघत म्हणतो, आणि त्याला यशवंत दिसत नाही.

"चल," हंबीर म्हणतो.

कट्ट्याची पायरी लांब होत जाते. तिच्यावर आणखी एक पायरी, तिच्यावर आणखी. ते स्टेडियममध्ये बसलेत. ऊन आहे, पण कुणाचीच सावली पडलेली नाही. पायऱ्या माणसांनी भरल्यात आणि सगळे मैदानाकडं पाठ करून बसलेत. यशवंत खालच्या पायरीवरच्या माणसाला खांद्याला धरून वळवायला जातो.

"नको," हंबीर म्हणतो. "त्यांनी बघितलंय ते. परत बघायचं नसतंय त्यांना."

मैदानात लोक जमतात. यशवंत एकेकाला ओळखत जातो. लेफ्ट आउटला खेळणारा बंडा मोहिते, ज्याला ट्रकनं उडवला. जाळीत इस्माईल मास्तर, ते तर यशवंतच्या शाळेतले. उजव्या बाजूला धोंडीराम, त्याच्या शेजारी पुरात वाहून गेलेले दोघं भाऊ. सगळे शांतपणे बुटांच्या नाड्या बांधतायत. यशवंत मोजतो. दहा.

"दहाच हाईत," तो म्हणतो.

"व्हय."

"अकरावा?"

"येणाराय. चारला."

यशवंत पुन्हा मैदानाकडं बघतो. "मधोमध जागा मोकळी दिसालीय," तो म्हणतो.

"दिसालीय न्हवं?" हंबीर म्हणतो. "लई दिवस मोकळी हाय. कुणी देत नव्हतं. तू दिलास."

"मी बुरूजला दिला."

"कागद बुरूजचा होता. सही तुझी होती. पुढं कुठं जातोय ते तुला म्हाईत होतं, यशा. एका तुलाच म्हाईत होतं."

हॉस्पिटलचा वास येतो. पायऱ्या नाहीत आता, लांब पिवळा व्हरांडा आहे, आणि व्हरांड्याच्या फरशीतून गवत वर आलंय. हंबीर वाकून फक्की टाकतोय, मॅचच्या आधी मैदानावर रेघ मारायची पांढरी पूड. हातातल्या डब्यातून ती सुरसुर पडते. रेघ सरळ जात नाही. ती यशवंतच्या पुढून वळते, भिंतीकडं जाते, परत येते. यशवंत एका बाजूला राहिलाय आणि गवत दुसऱ्या बाजूला.

"हंबीर, तू त्याचा बाप हाईस. तू थांबव की."

हंबीर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. इतका वेळ यशवंतनं त्याचं तोंड नीट बघितलं नव्हतं. ते थकलेलं आहे.

"तीन वर्षं पोरगं भेटलं न्हाई मला," तो म्हणतो. "आता भेटंल. मला बरं वाटाय पायजे का वाईट, तेच कळंना झालंय. मला नको विचारू."

व्हरांड्याच्या पार टोकाला दार उघडतं. प्रताप आत येतो. अंगात बुरूजचा काळा शर्ट, एक हात छातीवर, जणू तिथं काही धरून ठेवलंय. तो कुणाकडं बघत नाही. गवतावर बसलेले दहाही जण उठून उभे राहतात आणि त्याच्यासाठी मधली जागा करतात.

"प्रताप," यशवंत म्हणतो. आवाज ओठांच्या पुढं जात नाही.

"तसं ऐकू जायचं न्हाई," हंबीर म्हणतो.

"मग कसं?"

"तू आजवर त्याच्याबद्दल खरं बोललास कुणाजवळ? न्हाई न्हवं? मग त्या तोंडानं हाक कशी जाणार?"

प्रताप गवतावर पाय ठेवतो. कुठंतरी शिट्टी तोंडात धरल्याचा, वाजायच्या आधीचा श्वास ऐकू येतो. यशवंत पाऊल उचलतो. हंबीर त्याला अडवत नाही, फक्त डबा खाली ठेवून बाजूला होतो. यशवंतचा उजवा पाय रेघेवर पडतो. फक्की बर्फासारखी गार आहे.

तो उठून बसतो. पंखा फिरतोय. भिंतीवरच्या घड्याळात चारला बारा मिनिटं कमी. खाली कट्टा रिकामा आहे, सगळे मैदानावर गेलेत.

तो उशाजवळचा फोन घेतो. खराडे सरांचा नंबर दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा लागतो आणि पलीकडून ढोल-ताशाचा, शिट्ट्यांचा आवाज कानात घुसतो.

"बोला सेक्रेटरी. कुठं हाय तुम्ही?"

"सर, प्रतापला उतरवू नका."

खराडे हसतात. "व्हय की. आन् कुणाला उतरवू, तुम्हीच सांगा. पोरगं देऊन पस्तावलासा काय?"

"त्याच्या हृदयात दोष आहे. डॉक्टरांनी खेळायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मॅचला दहा मिनिटं असताना आठवलं तुम्हाला?" आता आवाजात हसू नाही. "मी काय कालचा हाय? माझा स्टॉपर बाहेर बसवून आमच्यावर गोल मारायचेत तुम्हाला."

"सर, ऐका." यशवंत उभा राहतो. दारात मालन, त्याची बायको, चहाचा कप घेऊन आलीय आणि तिथंच थांबलीय. तिच्यासमोर बोलायला लागणार, हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो बोलतो. "मी सही केली तेव्हा मला माहीत होतं. डॉक्टरकडं मीच नेलं होतं त्याला. तुमच्यापासून लपवलं, तालमीपासून लपवलं. तुमची तीन पोरं परत घ्या. कमिटीपुढं मी हे बोलतो, लिहून देतो. पण आज त्याला उतरवलासा तर तो मरंल."

खराडे फोन तोंडापासून लांब धरून ओरडतात, "प्रताप, हिकडं ये. बूट काढ. काढ म्हणतोय न्हवं."

मग फोनवर धाप लागलेला श्वास.

"काका, का सांगितलंसा?"

यशवंतला हंबीरचं सांगायचं आहे, पण ते नाव तोंडात येत नाही. "बरा हाईस?" एवढंच तो विचारतो.

प्रताप हलक्या आवाजात, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असा म्हणतो, "सकाळपासनं दोनदा झालंय."

"खाली बस. हलू नकोस. मी येतोय."

यशवंत फोन खिशात टाकतो. मालन अजून दारात आहे. चहाचा कप तिनं बाजूच्या टेबलावर ठेवलाय. ती त्याच्या पायाकडं बघते.

"रांगोळीत पाय दिलासा काय?"

"कुठली रांगोळी?"

"तेच की. आज मी काढलीच न्हाई."

तो कॉटवर बसून उजवा पाय वर घेतो. तळवा टाचेपासून अंगठ्यापर्यंत पांढराफटक झालाय. तो बोट लावतो. पूड जाडसर आहे, बोटाला चिकटते, आणि एवढ्या उन्हाळ्यातही गार लागते.