खिडकीतली नवरी

सिल्वेरिओ बारागानने सव्वीस वर्षं सेविलमध्ये टोप्या विकल्या. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या डोक्याचं माप सिल्वेरिओला नुसत्या नजरेनं कळायचं. मग दुकानाचे म्हातारे मालक वारले, मुलांनी जागा विकून टाकली आणि तिथे आइस्क्रीमचं दुकान झालं. आठ महिने सिल्वेरिओ घरी बसून होता. शेवटी त्याच्या बायकोच्या, मातिल्देच्या ओळखीतून एक काम चालून आलं. परदेशी पाहुण्यांना सेगवे नावाच्या, उभ्यानं चालवायच्या गाडीवरून शहर फिरवायचं.

काम देणारा बोर्खा तिशीतला पोरगा होता. "दोन चाकं, एक दांडा, बस्स," तो म्हणाला. "पुढं झुकलात की पळतं, मागं रेललात की थांबतं. सिल्वेरिओसाहेब, तुम्हाला शहर तोंडपाठ आहे, इंग्रजीही दुकानात बोलून बोलून रुळलंय. अजून काय लागतं?"

लागत होतं ते म्हणजे लाज गिळायची ताकद. पहिल्याच आठवड्यात हिरवं हेल्मेट घालून, मागे सहा डच पाहुण्यांची रांग लावून तो आपल्या नेहमीच्या कॉफीच्या ठेल्यावरून गेला. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं सकाळचा टोस्ट खाल्ला, ते सगळे बाहेरच उभे होते.

"अरे, टोप्या विकणाऱ्याच्या डोक्यावर बघा काय आलंय!"

"सिल्वेरिओ, घोड्याला चारा घातलास का रे?"

त्याने हात वर करून हसल्यासारखं केलं. कान मात्र तापले होते. त्या दिवसापासून तो त्या रस्त्याला फिरकला नाही. पाहुण्यांना तो मागच्या गल्ल्यांतून न्यायला लागला. तिथे ओळखीचं कोणी भेटायचं नाही.

सिल्वेरिओला राजांची नावं ठाऊक होती, सनावळ्या ठाऊक होत्या. पण दांड्याला घट्ट धरून, जीव मुठीत घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सनावळ्या काय करायच्या? लोक त्याच्याकडे बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलायचं नाही. फेरी संपली की कोरडं 'थँक यू' म्हणून निघून जायचे.

एक दिवस सान बार्तोलोमे वस्तीतल्या एका चिंचोळ्या गल्लीत एका जर्मन बाईचं चाक दगडात अडकलं. सगळे थांबले. वर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत एक म्हातारी बसली होती. पांढरेशुभ्र केस, मांडीवर हात. एकाने सहज विचारलं, "या कोण?"

सिल्वेरिओला माहीत नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "त्या होय? त्या नवरदेवाची वाट बघताहेत. साठ वर्षं झाली."

सगळे हसले. ती जर्मन बाई तर छातीवर हात ठेवून "अरेरे!" म्हणाली. सिल्वेरिओला कित्येक दिवसांनी आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाहुण्यांना मुद्दाम त्याच गल्लीत नेलं. महिन्याभरात गोष्टीला हातपाय फुटले. नवरदेव खलाशी झाला. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये पाहुणे ताटकळले आणि हा पठ्ठ्या नवरीच्या धाकट्या बहिणीला घेऊन बोटीत बसला. "तेव्हापासून," सिल्वेरिओ आवाज खाली आणून म्हणायचा, "ती खिडकीत बसून आहे. बहिणीची वाट बघते की नवऱ्याची, कोणास ठाऊक. बहिणीकडे तिचे बूट राहिलेत म्हणतात." बुटांवर हमखास हशा व्हायचा. मग तो म्हणायचा, "हात करा तिला!" सगळे हात करायचे. वरून म्हातारीही हात करायची.

लोक घरी गेल्यावर कौतुकानं लिहायला लागले. बोर्खाने इंग्रजी पत्रकात 'खिडकीतली नवरी' असा ठळक मथळा टाकला. दोन वर्षं हे असं चाललं. मधल्या काळात सिल्वेरिओच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. म्हातारी आता साडेअकराला नटून बसायची. कानात मोत्याचे लोंबते डूल, खांद्यावर घडी न मोडलेली शाल. त्याने ते मातिल्देला सांगितलं आणि दोघं जेवताना खूप हसली. "बघ, तिलाही मजा येते," तो म्हणाला. तिचं नावही त्याने कधी कोणाला विचारलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी मेक्सिकोच्या पुएब्ला गावचं एक कुटुंब आलं. ओतिलिया नावाची साठीची बाई, तिचा नवरा, दोन मुली, दोन जावई. ओतिलियाबाई सेगवेवर चढताना एवढ्या किंचाळल्या की चौकातली कबुतरं उडाली. पण दहा मिनिटांत त्या सगळ्यांच्या पुढे. सिल्वेरिओलाही बरं वाटत होतं. आपल्याच भाषेत बोलायचं, शब्द शोधायला नकोत.

गल्लीत आल्यावर तो नेहमीच्या जागी थांबला. ऊन छान होतं, खिडकी सताड उघडी होती. जीभ सवयीने सुरू झाली. आज तर स्पॅनिशमध्ये गोष्टीला वेगळाच रंग चढला. खलाशी, बहीण, बोट. "बुटांसाठी थांबलीय बिचारी!" असं म्हणून तो हसणाऱ्यांकडे वळला, तर जावयांपैकी एकजणच हसत होता आणि तोही मध्येच थांबला. ओतिलियाबाई वर बघत होत्या.

म्हातारीचा हात अर्धा वर आला होता. तिथेच राहिला होता.

"कोणाची वाट बघते मी, म्हणालात?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. गल्ली एवढी अरुंद की शब्दन् शब्द खाली आला.

ओतिलियाबाईंनी हेल्मेट काढलं. "बाई, आम्हाला क्षमा करा."

"तुम्ही कशाला, बाळा? तुम्ही तर पाहुणे." म्हातारीने हात खाली घेतला आणि तो शालीत लपवला. "मला वाटायचं, लोक नमस्कार करतात."

मग तिने झडपा ओढून घेतल्या. एक झडप अडकली. ती दोनदा ओढावी लागली आणि तेवढा वेळ खाली सगळे नुसते उभे होते.

फेरीचा अजून पाऊण तास बाकी होता. सिल्वेरिओला तो पार पाडावाच लागला. नदीकाठ, मनोरा, बाग, सगळीकडे तो थांबला. नावं सांगितली. कोणी काही विचारलं नाही. शेवटी गाडी परत देताना ओतिलियाबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "तुमची आई आहे का हो?"

"नाही. वारली."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी बंद. सिल्वेरिओने गल्ली टाळली, पण पत्रक वाचून आलेले लोक विचारायचे, "नवरी कुठंय?" पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बरं नाहीये तिला." असं म्हटल्यावर एका इंग्रज बाईने डोळे पुसले. सिल्वेरिओला स्वतःचीच किळस आली. एक खोटं झाकायला त्याने दुसरं सांगितलं होतं, आणि तेही खपलं होतं.

घरी तो बोलेनासा झाला. मातिल्देने विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणाला.

पाचव्या दिवशी फेऱ्या संपवून तो त्या गल्लीत चालत गेला. म्हातारीच्या घराखाली चारोचं पावाचं दुकान होतं. चारो पन्नाशीची, धिप्पाड, तोंडाने फटकळ. त्याला बघताच तिने हातातली पावाची पाटी खाली ठेवली.

"आलास? मी म्हटलं, हा गाडीवरचा शहाणा कधी पायांवर येतो ते बघू."

"वरच्या बाई..."

"दोन्या अंगुस्तियास. नाव आहे तिला. दोन वर्षं तिच्या जिवावर लोकांना हसवलंस, नाव तरी विचारलंस का, मेल्या?"

सिल्वेरिओने नकारार्थी मान हलवली.

"मीही मूर्खच," चारो म्हणाली. "मला कुठे कळतंय तुझं इंग्रजी? लोक हसत होते, मीही दारात उभी राहून हसत होते. आणि रोज अकराला वर जाऊन तिच्या कानात डूल मीच घालत होते. तिच्या बोटांना जमत नाही आता. चाळीस वर्षं जरीचं भरतकाम केलंय तिने. त्या पलीकडच्या चर्चमधल्या माउलीचा मखमली शेला आहे ना, मिरवणुकीतला? तो भरणाऱ्या सहा जणींपैकी ही शेवटची. मला म्हणायची, 'चारो, तो गाडीवरचा माणूस माझ्या शेल्याबद्दल सांगत असणार. नाहीतर जगातली माणसं मला कशाला हात करतील?'"

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, पाव घेऊन गेलं. सिल्वेरिओ तिथेच उभा होता. त्याला वाटलं, ठेल्यावरच्या मित्रांनी आत्ता समोर येऊन दिवसभर हसावं, पण हे ऐकायला लागू नये.

"मी वर जाऊ?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? जा. हाकललं तर मला नवल वाटणार नाही."

दार उघडंच होतं. दोन्या अंगुस्तियास बंद झडपांकडे पाठ करून बसल्या होत्या. कानात डूल नव्हते. सिल्वेरिओने तीन दिवस मनात घोकलेली माफी एका दमात म्हणून टाकली. माझी चूक झाली, मला कल्पना नव्हती, माझा हेतू वाईट नव्हता. स्वतःच्याच कानाला ती दुकानदारासारखी वाटली, टोपी घट्ट झाली म्हणून परत आलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालावी तशी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ती गोष्ट सांगा."

"कुठली?"

"तुम्ही त्यांना सांगता ती. मी अर्धीच ऐकली. रोज सांगता तशी सांगा."

"दोन्या अंगुस्तियास, नको. माझ्याने नाही होणार."

"रस्त्यात उभं राहून होतं, मग इथं का नाही? सांगा."

त्याने सांगितली. उभ्यानेच, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तो म्हणाला. चर्च, पाहुणे, खलाशी. वाक्यं तीच होती. बहिणीपाशी त्याने घाई केली.

"मला बहीण नव्हती," त्या मध्येच म्हणाल्या. "भाऊ होता. पुढे?"

"मग... बूट."

"बुटांचं काय?"

त्याने बुटांचं सांगितलं.

"इथे हसायचे का?"

"हो."

"रोज?"

"रोज."

खाली चारोच्या दुकानाची घंटी वाजली.

"हसण्यासारखं आहे खरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चांगलं सांगता." आणि हे त्यांनी टोमण्यानं म्हटलं नव्हतं. त्यानंच सिल्वेरिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लग्नाचं म्हणाल तर, एक-दोघे विचारायला आले होते. मला वेळ नव्हता. काम होतं."

"मी आता तेच सांगीन," तो घाईघाईने म्हणाला. "शेल्याचं. सगळ्यांना. रोज."

"नको."

"पण ते खरं आहे ना?"

"खरं आहे. पण आता तुमच्या तोंडून आलं की ते मला तुमचंच वाटेल." त्यांनी शाल सारखी केली. "मी काही तुम्हाला शाप देत नाही. माफ केलं असंही उगाच म्हणत नाही, कारण केलेलं नाही. होईल तेव्हा होईल. तुम्ही या गल्लीतून येऊ नका, एवढंच करा. निघा आता. दार ओढून घ्या."

संध्याकाळी सिल्वेरिओ बोर्खाकडे गेला आणि पत्रकातून नवरी काढायला सांगितली. बोर्खा उसळला. "अहो, लोक त्यासाठी येतात! म्हातारीला नको असेल तर दुसरी खिडकी शोधू. सेविलमध्ये खिडक्यांचा तोटा आहे का?"

"बोर्खा, मी आत्ता हेल्मेट इथे ठेवून घरी जाईन."

"एवढं काय झालं?"

काय झालं ते सिल्वेरिओने सांगितलं. पुन्हा एकदा सगळं, झडप अडकली तिथपर्यंत. बोर्खा पेन्सिल फिरवत बसला. मग म्हणाला, "आज छापायला जाणार होतं," आणि त्या मथळ्यावर काट मारली.

घरी मातिल्देलाही सांगितलं. तिने ताटातला चमचा खाली ठेवला. "मीही हसले होते रे," ती म्हणाली. मग दोघांनाही जेवण गेलं नाही.

मिरवणुकीच्या आधीच्या आठवड्यात तिनेच हट्ट धरून त्याला त्या चर्चमध्ये नेलं. शेला मूर्तीच्या पाठीवरून मागे पसरून ठेवला होता, हिरवी मखमल आणि तीवर बोटभर जाडीची जर. पानं, डाळिंबं, पक्षी. कठड्याला खेटून लोकांची रांग सरकत होती. एक म्हातारा आपल्या नातीला दाखवत होता, ती टाचा उंचावून बघत होती. कठड्यावर एक पाटी होती. तीवर मखमल देणाऱ्या घराण्याचं नाव होतं आणि नक्षी काढणाऱ्या चित्रकाराचं. बाकी काही नव्हतं.

मातिल्दे बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "यातलं त्यांनी भरलेलं कुठलं?"

सिल्वेरिओने शेल्यावरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी विचारलंच नाही."

मागच्या बाईने "पुढे सरका हो," म्हटलं. दोघं पुढे सरकली.